एकच गेट, दोन कॉलेजं

सुरतला जायचं कारण भाची. पांडेसऱ्यात राहणाऱ्या माझ्या दादाची मयूरी म्हणाली, "आत्या, माझं कॉलेज तरी बघायला ये!" नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. पांडेसऱ्याला जाणाऱ्यांनी सुरत स्टेशनपर्यंत न जाता उधन्यालाच उतरावं. बाहेर शेअर रिक्षा मिळते.

दुसऱ्या दिवशी मयूरीबरोबर निघाले. एकाच ट्रस्टची दोन कॉलेजं, गेट एक, कँटीन एक. डावीकडे सायन्स, उजवीकडे आर्ट्स. मी डावीकडे वळले, तर तिने हात धरला.

"आत्या, तिकडे नाही."

कँटीनमध्ये डाळीचा गरमागरम लोचो समोर आला, पण बशी बाजूला सारून तिने सांगून टाकलं. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत नापास झाली, तशी ती शेजारच्या कॉलेजात मानसशास्त्राला गेली होती. बस तीच, गेट तेच, त्यामुळे घरी पत्ताच नाही. आमच्याबरोबर बसलेली तिची मैत्रीण हेता अजून सायन्सला आहे. दादाला दाखवायला मयूरी हेताचीच प्रॅक्टिकलची वही घरी न्यायची.

हेता म्हणाली, "मासी, ये रोज बोलती है, आज बता दूँगी."

दादा रंगाईच्या मिलमध्ये राबतो. पोरगी लॅबमध्ये काम करणार, हे तो भेटेल त्याला सांगतो. मी मयूरीला म्हटलं, "सांगायचं तूच. मी शेजारी बसते."

संध्याकाळी दादा पाळीवरून आला. चहा होताच तिने एका दमात सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "माले पहिलेच काबर नही सांगं?" आधी का नाही सांगितलंस? रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो जेवलाच नाही.

सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याआधी तयार. गेटातून आत गेल्यावर विचारलं, "तुना वर्ग कोनता शे?" तिने उजवीकडची खिडकी दाखवली. तो जिना चढला, रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला, म्हणाला, "आते सांग, काय शिकाडतस आठे?" काय शिकवतात इथे? मयूरी रडत रडत सांगू लागली. तास सुरू होईपर्यंत तो ऐकत होता.

घरी येऊन दोन दिवस झाले. तिथून आणलेली घारीची मिठाई संपली, पण तो बाक डोळ्यांपुढून हलत नाही. काल पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलाला फोन केला. नेहमी मार्क विचारते, यावेळी विचारलं, "तुला आवडतंय ना रे तिथे?"

त्याने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आई, तुला वेळ आहे?"