हत्तीवरची तलवार

"भाला कावून काढला बे, पेंटर? हत्तीवर बसलाय, हातात तलवार पायजे!" भिंतीसमोर उभे राहून सरपंच गरजले.

कडा गावाजवळच्या एका खेड्यात शाळेच्या भिंतीवर मी लढाईतला हत्ती रंगवत होतो. तीस वर्षं बीडमध्ये पेंटर आहे. फ्लेक्स आल्यापासून भिंती मिळेनात. एवढी मोठी तर चार वर्षांनी मिळाली होती. म्हणून इतिहासाच्या सरांचं डोकं खाऊन चित्र काढलं होतं. मानेवर माहूत, त्याच्या हातात अंकुश, म्हणजे हत्तीला वळवायचा लोखंडी आकडा. मागे हौद्यात, म्हणजे पाठीवरच्या बैठकीत, तिरंदाज आणि लांब भाला घेतलेला शिपाई.

"सरपंच, एवढ्या उंचावरून तलवार खाली पोचत न्हाई."

"तलवारीबिगर रुबाब न्हाई. उद्यापर्यंत बदल, न्हाईतर फ्लेक्सवाल्याला बोलावतो."

इकडे आड, तिकडे विहीर. चुकीचं काढावं तर पोरं तेच शिकणार. न काढावं तर भिंत जाणार.

तेवढ्यात कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर शाळेसमोर थांबला. ड्रायव्हर बबन चहाला गेला. ट्रॉली हत्तीएवढी उंच भरलेली.

"सरपंच, चढा वर!"

गॅदरिंगची लाकडी तलवार मी त्यांच्या हातात दिली. माणूस हौशी. दोर धरून चढले. मी ट्रॉलीला खेटून खाली उभा राहिलो. "आता मारा मला!"

त्यांनी वाकून मारलं. पालथं पडून मारलं. तरी माझी टोपी आणि तलवारीत वीतभर अंतर. पोरं खिदळायला लागली.

मग मी गवताचा रंग द्यायचा रोलर बांधलेला लांब बांबू वर दिला. पहिल्याच दणक्यात माझी पांढरी टोपी हिरवी.

"लागलं बे, लागलं!" सरपंच उसावर बसून पोट धरून हसले. मलाही हसू आवरेना. भिंत वाचली, या आनंदात मी पोरांबरोबर टाळ्याच पिटल्या.

एवढ्यात बबन चहा पिऊन आला. वर कोण बसलंय ते त्याला काय माहीत? त्यानं ट्रॅक्टर चालू केला.

"आरं बबन, थांब! मी वर हाय!" एका हातात तलवार, दुसऱ्यात बांबू, आणि सरपंचांना धरायला हातच मोकळा नाही. पोरांनी एकच गलका केला तेव्हा कुठे चार पावलांवर ट्रॅक्टर थांबला.

खाली उतरून सरपंच पुन्हा भिंतीसमोर आले. माहुतावर बोट ठेवून म्हणाले, "भाला राहू दे. पण ह्याला जरा मोठा काढ. लई महत्त्वाचा माणूस हाय."

टोपीचा रंग अजून गेलेला नाही. धंद्यातलं शिकलो ते एवढंच: मोठ्या माणसाशी वाद घालू नये. त्याला उंचावर बसवावं आणि ट्रॅक्टर चालू होईपर्यंत थांबावं.