न धरलेला थर

हेडविका रौबालोवा आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसायची. मी तिच्या शेजारी कापडाचे रोल बांधायचे. चेक देशातल्या लिबेरेत्स शहरातली लोकरीची गिरणी बंद पडल्यावर तिच्याच इमारतीत मास्कचं कापड निघू लागलं होतं. साध्या कापडावर विजेच्या जोराने अतिसूक्ष्म तंतूंचा थर चढवायचा. धूळ अडवतो तो हा थर; खालचं कापड फक्त आधाराला.

पण थर कापडाला धरत नसे. दोनचार घड्या पडल्या की पापुद्र्यासारखा सुटायचा. मग इंजिनियर क्रौपांनी एक यंत्र आणवलं. तंतू चढण्याआधी कापड त्यातल्या जांभळ्या ठिणग्यांखालून जाई, आणि मग थर पक्का बसे. हेडविका चिकटपट्टी लावून खेचून बघायची, थर जागचा हलायचा नाही. क्रौपांनी त्या दिवशी सगळ्यांना बिअर पाजली.

हेडविकाचा धाकटा भाऊ विलेम ग्रॅनाइटच्या खाणीत दगड कापायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तो कामावर धूळ अडवणारा रबरी मुखवटा घालायचा आणि उकडतं म्हणून सारखा कुरकुरायचा. तिने त्याला आमचे हलके मास्क नेऊन दिले. ते पाहून खाणीतल्या इतरांनीही तेच मागवले.

पुढे मागणी वाढली. ठिणग्यांचं यंत्र हळू चालायचं, म्हणून मालकांनी कापड आधीच त्यातून काढून गोदामात रचून ठेवायचं ठरवलं. क्रौपांनी हरकत घेतली होती. ठिणग्यांचा गुण पडून राहिलेल्या कापडावर टिकत नाही, असं ते म्हणाले होते. कुणी ऐकलं नाही. तपासणीसुद्धा अधूनमधूनच होऊ लागली, आणि तीही ताज्या कापडाची.

एका सकाळी हेडविकाने स्वतःहून गोदामातल्या जुन्या कापडाचा तुकडा घेतला. पट्टीबरोबर थर अख्खा निघून आला. क्रौपा तो तुकडा घेऊन वर मालकांकडे गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने खाली आले.

"हे कापड वापरणं थांबवतील," ते म्हणाले. "पण गेलेला माल परत मागवणार नाहीत."

"माझा भाऊ तेच घालतो, साहेब," ती म्हणाली आणि ॲप्रन काढून बाहेर पडली.

खाणीत तिने सगळ्यांसमोर विलेमच्या मास्कला पट्टी लावून खेचली. थर निघून आला. विलेमला तेव्हा आधीपासूनच खोकला होता.

"म्हणजे इतके दिवस मी तोंडाला नुसतं फडकं बांधून दगड कापत होतो म्हण की," तो हसत म्हणाला. बाकी कुणी हसलं नाही.

बाहेर बोलल्याबद्दल हेडविकाची नोकरी गेली. क्रौपा तिच्या बाजूने भांडले, पण उपयोग झाला नाही. खाणकामगारांच्या तक्रारीवरून सरकारी तपासणी झाली तेव्हा कुठे माल परत आला. ठिणग्यांचं यंत्र तंतूंच्या यंत्राला जोडून बसवलं गेलं. आता थर धरतो.

विलेमच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसली होती. डॉक्टर म्हणाले, हा पोरवयापासून दगड कापतोय. त्यातली कुठली धूळ कधीची, हे कुणालाच सांगता यायचं नाही. हेडविकाला मात्र त्यांच्याकडून काहीतरी नक्की ऐकायचं होतं, मग ते कितीही वाईट असो.

शेवटी शेवटी त्याला उशांना टेकूनच बसावं लागे. मी भेटायला गेले तेव्हा ती त्याला लसणाचं सूप भरवत होती.

"मीच तुझा चांगला मुखवटा काढायला लावला," ती म्हणाली.

"उकडायचं म्हणून मीच काढला," तो धापा टाकत म्हणाला. "आता रडून सूप खारट करू नकोस."

बर्फ वितळण्याआधीच तो गेला. अंत्ययात्रेला खाणीतले लोक आले. काहींनी तिचा हात हातात घेतला, काही तिच्याकडे न बघता पुढे गेले. खाणीतल्या त्या लोकांपैकी दोघे आधीच खोकू लागले होते. हेडविका हात पुढे करून शेवटच्या माणसापर्यंत उभी राहिली.