तिसरं पान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या पाळकांना नाही. खरं सांगायचं तर प्रार्थनेतही नाही. देवाला ठाऊकच आहे, असं मनाशी म्हणून मी गुडघे टेकायचो आणि दुसरंच काहीतरी बोलून उठायचो. नऊ वर्षं.

गोष्ट लहान आहे. एका पत्राचं एक पान. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला तेच सांगत आलो — एवढंच तर आहे.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, उसाच्या शिवारात. चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. आम्ही तिला देऊळच म्हणतो. मंडळीत पंचवीस घरंसुद्धा नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात, आणि उपासनेनंतर पत्र वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

पत्र म्हणजे प्रकाशचं. प्रकाश आमच्याच मंडळीत वाढला. लग्नानंतर बायकोला घेऊन तो सातपुड्यातल्या एका पाड्यावर मिशनच्या कामाला गेला. तिथं दोघं मुलांना शिकवतात, औषधपाणी करतात, प्रार्थना घेतात. मोबाइलला रेंज नसते, म्हणून तो पत्र लिहितो — पातळ कागदावर, बारीक अक्षरात, दोन-तीन पानं. आमच्याकडून त्याला जायची ती 'मूठ'. म्हणजे असं, की प्रत्येक घरात भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी बाई एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे देवळात येतात, पायरीवर लिलाव होतो आणि जे जमेल ते प्रकाशकडे जातं. आमच्या घरातली मूठ माझ्या आईनं सुरू केली होती. हे लक्षात ठेवा. मला ते विसरायला फार आवडलं असतं.

पत्र वाचायचं म्हणजे नुसतं वाचायचं नसतं. म्हाताऱ्या बायका पदराचं टोक तोंडाला लावून ऐकतात. त्यांतल्या निम्म्यांना अक्षर येत नाही. मी जे वाचेन तेच त्यांच्यासाठी प्रकाशनं लिहिलेलं असतं. कुणी कधी म्हणालं नाही — गुरुजी, दाखवा बघू कागद. का म्हणतील?

दुसऱ्या बाकावर एस्तरमावशी बसायच्या. माझ्या नात्यातल्या नाहीत. सगळ्या गावाच्याच त्या मावशी. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं, किती बाळंतपणं केली त्याची गणती त्यांनाही नसेल. नवरा लवकर गेला, मूल नाही. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्यांची प्रार्थना ठरलेली — मोठ्यानं, जराशी भांडल्यासारखी. "प्रभू, हात अजून धड हायत. कुठं धाडायचं असंल तर धाड. नुसतं बसवून ठिवू नको." तरुण पोरी हसायच्या. मीही हसायचो.

नऊ वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आणि कुणी न बोलावता एस्तरमावशी रोज सकाळी यायला लागल्या. आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर बदलायची. बोलत राहायच्या तिच्याशी — "का गं, आज रुसलीयास व्हय?" आई डाव्या डोळ्यानं हसायची. नऊ वाजता मी शाळेला निघायचो तेव्हा घरात साबणाचा वास असायचा आणि आई वेणीफणी करून उशीला टेकलेली असायची.

आणि मग ते पत्र आलं.

पत्र आधी घरी येतं, मी एकदा वाचून ठेवतो, म्हणजे देवळात अडखळायला होत नाही. तीन पानं होती. पहिल्या दोनांत नेहमीचं — शाळा, पाऊस, कुणाचा ताप उतरला. तिसऱ्या पानावर प्रकाशनं लिहिलं होतं की पाड्यावर बाळंतपणाचे फार हाल होतात, दवाखाना एक डोंगर पलीकडे आहे. एस्तरमावशी सहा महिने, निदान चार महिने येतील का? मंडळीनं त्यांना धाडलं तर ती आमच्यासाठी सगळ्यात मोठी मदत होईल. आणि खाली, त्याच्या स्वभावाप्रमाणे — मावशींना संकोच नको. जमणार नसेल तर उत्तरात याचा उल्लेखही करू नका, आम्ही समजून घेऊ.

हेच शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं.

रविवारी मी दोन पानं वाचली. दुसऱ्याच्या शेवटी थांबलो, घडी घातली आणि म्हणालो, "एवढंच आहे." मावशी दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि तीच प्रार्थना केली. हात अजून धड हायत. त्या दिवशी मी हसलो नाही.

आता तुम्हाला वाटेल, आईसाठी केलं. आजारी आई, तिची सेवा करणारी बाई — कोण सोडेल? मीही कितीतरी वर्षं याच आडोशाला उभा राहिलो. पण तो आडोसा खरा नाही. बायकोनं मला आधीच सांगितलं होतं, "आपण दोघं करू की आईंचं. मावशींना किती दिवस राबवायचं?" आम्हाला जमलं असतं. आणि आईला विचारलं असतं — तिला समजत सगळं होतं — तर तिनं डाव्या हातानं मावशींना दाराकडे ढकललं असतं. पिठाची मूठ जिनं घरात सुरू केली, ती बाई माणूस अडवून धरणार होती का?

मग कुणासाठी?

इथवर आलो आहे तर लिहितोच. मला किळस वाटायची. आईचं अंग पुसायची, तिची चादर बदलायची. मावशी एक दिवस आल्या नव्हत्या तेव्हा मी ते काम करायला गेलो होतो आणि अर्ध्यातून उठून अंगणात येऊन ओकलो होतो. आईनं ते ऐकलं. मी परत आत गेलो तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. ते पुन्हा करावं लागू नये — फक्त एवढ्यासाठी मी तिसरं पान फाईलमध्ये ठेवून दिलं. आईच्या नावानं मी स्वतःला वाचवलं.

पाच महिन्यांनी आलेल्या पत्रात एका बाईविषयी होतं. झोळीत घालून तिला डोंगरापलीकडे नेत होते. वाटेतच ती गेली. मुलगी वाचली. ते पत्र मी सगळं वाचलं. मावशी रडल्या. म्हणाल्या, "तितं कुणी नर्स न्हाय का रं, देवा?" मावशी असत्या तर ती बाई वाचली असती का? कोण सांगणार. पण 'कोण सांगणार' असं म्हणायचा हक्क निदान मला तरी नाही.

आई आणखी साडेतीन वर्षं जगली. तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मावशींनी होऊ दिली नाही.

यंदा आमच्याकडे नवे पाळक आले. तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं आणि विचारलं की मिशनच्या कामाला आपण आणखी काय हातभार लावू शकतो. मग काय, सूचनांचा पाऊस. कुणी म्हणालं सोलरचे दिवे देऊ, कुणी म्हणालं गोधड्या. पळसदेवचे याकोबतात्या, ज्यांची उजनीच्या पाण्यात होडी आहे, ते उठून म्हणाले, "मी मासळी देतो. पाटीभर."

"तात्या, सातपुड्यात पोचंस्तवर मासळीच सुवार्ता सांगंल, वासानं," एस्तरमावशी म्हणाल्या आणि देऊळभर हशा पिकला.

"मग सुकवून देतो की! तुमी जावा घिऊन," तात्या म्हणाले.

"मला कोण बोलावतंय?" मावशी हसतच म्हणाल्या. हसतच — पण मी ते ऐकलं.

पाळक म्हणाले, आपण इथं बसून ठरवण्यापेक्षा त्यांनी आजवर काय काय मागितलंय ते बघू. गुरुजी, पुढच्या रविवारी पत्रांची फाईल आणा, सगळे मिळून वाचू.

तो आठवडा कसा गेला ते सांगत नाही. तिसरं पान फाईलमध्येच होतं. काढून चुलीत घालणं मिनिटाचं काम. मी ते दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा परत ठेवलं. धैर्य होतं म्हणून नव्हे. मला वाटतं, मी दमलो होतो.

रविवारी वाचायला पाळकांनी कृपाला उभं केलं. तात्यांची नात, बारामतीला कॉलेजात शिकते. ती एकेक पत्र घेऊन मागण्या वाचत गेली — पाट्या, वह्या, तापाच्या गोळ्या. मग ते पत्र आलं. तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं वाचायला लागली आणि "एस्तरमावशी" या शब्दावर थांबली. मावशींकडे बघितलं. मग शेवटपर्यंत वाचलं. 'आम्ही समजून घेऊ' इथपर्यंत.

सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, नुसतं बघत होते. आणि बोलल्या त्या मावशीच.

"पान चिकटलं असंल. त्या साली पत्रा गळत हुता, सगळंच भिजलं हुतं. पातळ कागद त्यो. व्हय ना गुरुजी?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. सगळ्या मंडळीसमोर माझी लाज झाकली होती. आणि मी काय म्हणालो?

"असेल."

एक शब्द. नऊ वर्षांपूर्वी मी गप्प बसलो होतो. या वेळी बोललो, तेही खोटं — देवळात उभं राहून.

पण पुढचं ऐका, कारण ते माझ्यामुळे झालं नाही आणि तरीही झालं. मावशी उठल्या. वय सदुसष्ट, बाकाला धरून उठल्या. म्हणाल्या, "मग बोलावलंय तर जायला पायजे. उशिरा का हुईना, सांगावा आला."

"अवो पण गुडघं?" तात्यांनी विचारलं.

"हितं तरी कोण मला उचलून न्हेतंय?"

मग त्या खोलीत काहीतरी हललं. इतकी वर्षं आम्ही पीठ धाडत होतो, वस्तू मोजत होतो. ते लोक माणूस मागत होते. कृपा म्हणाली, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते, मावशींच्या सोबतीला. वायरमनचं काम करणारा दानियल म्हणाला, दिवे नुसते धाडू नका, मी जाऊन बसवून येतो. माझी बायकोही उठली. म्हणाली, मावशींच्या घराला, शेळ्यांना मी बघते. मी तेवढा बसून होतो.

बारामतीच्या स्टँडवर आम्ही सगळे त्यांना पोचवायला गेलो. पिशवीत सुकी मासळी होती, तात्यांनी दिलेलीच. एसटी सुटायच्या आधी मावशींनी खिडकीतून माझा हात धरला. "गुरुजी, तुमच्या आईची सेवा घडली, ते बी बोलावणंच हुतं म्हणा. वाईट वाटून घिऊ नका." मी तोंड उघडलं. गाडी हलली. गाडी हलली नसती तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही.

आता पत्रं त्यांची येतात. आठ बाळंतपणं झाली, सगळी सुखरूप. तिथल्या दोन बायकांना त्या हाताशी धरून शिकवतायत. झोळीतली ती मुलगी आता शाळेत जाते. मावशींना ती पाड्यावर पहिल्याच दिवशी दिसली. आमच्याकडची मूठ चालूच आहे, पण आता डबे आणताना बायका विचारतात, पुढच्या खेपेला कोण जाणार? दानियल दोनदा जाऊन आला. देवळाला असं जागं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पत्र वाचतो. एकही शब्द गाळत नाही. गेल्या रविवारच्या पत्राच्या शेवटी मावशींनी लिहिलं होतं — गुरुजी, पानं नीट सुटी करून वाचा बरं का, न्हायतर मला परत बोलवायचं ऱ्हाऊन जाईल! सगळी मंडळी खळखळून हसली. मीही त्यांच्याबरोबर हसलो. हसताना माझं तोंड कसं झालं होतं ते मला माहीत आहे.

म्हणून हे लिहिलं. एक प्रत आज सातपुड्याला पोस्टात टाकली. दुसरी रविवारी, पत्राच्या वेळेला, मी देवळात उभा राहून वाचणार आहे — पहिल्यापासून शेवटपर्यंत, अंगणापासून चादरीपर्यंत सगळं. त्यानंतर पत्र कुणी वाचायचं ते मंडळी ठरवेल. कृपा चांगली वाचते.

मावशी, त्या साली पत्रा गळत होता हे खरं. कागद पातळ होता हेही खरं.

पण पान चिकटलं नव्हतं.