आरशासमोर मोरपंखी साडी

या ग्रुपवर मी सकाळच्या शुभेच्छांपलीकडे काही टाकत नाही. आज टाकतोय, कारण दुकानात जे झालं ते कोणाला तरी सांगायचंय.

हिंदमाता मार्केटमध्ये साड्या विकतो, सव्वीस वर्षं झाली. पदर कसा पडतो ते गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही पुरुषच साडी खांद्यावर घेऊन उभे राहतो. आज एका मायलेकींसाठी मोरपंखी साडी खांद्यावर घेतली आणि समोरच्या आरशात बघितलं. सुनंदाचा रंग. माझी बायको. तिला जाऊन चार महिने झाले.

"काका, बरं वाटत नाहीये का?" मुलीने विचारलं.

"छे, मस्त आहे," असं तोंडावर आलं होतं. चार महिने मी स्वतःलाही हेच सांगतोय, सावरलास रे, कामात मन रमतंय. कुठलाही रंग कुणालाही खुलून दिसतो म्हणून सांगायची सवय आहे ना, तसंच.

आज आरशातल्या माणसाला मनातल्या मनात म्हटलं, "तू सावरलेला नाहीस. तुला ती हवी आहे आणि ती येणार नाही. उगाच हसू नकोस, जरा बस."

"नाही गं बाळा, बरं नाहीये," म्हणालो आणि गादीवर बसलो. तिच्या आईने पाणी दिलं. साडी त्यांनी तीच घेतली. घडी मीच घातली.

तुम्ही स्वतःला काय सांगता हो? खरं सांगता?

मी आत्ताच घरी आलो. कुलूप उघडताना रोज म्हणतो, "जमेल." आज म्हटलं, "आत कोणी नाहीये. तरी चल."