तिला फारसं दुखत नाही, असं मी म्हणालो

सखूअक्का गेल्याचा निरोप फैजपूरहून आला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली... त्याला दीड महिना झाला. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी माझ्याविषयीच लिहावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी जळगावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. एका दुपारी कापसातून सरकी काढायच्या जिनात यंत्राचा पट्टा तुटून उडाला. त्याच्या तडाख्यानं मॅनेजरसाहेबांचा पाय मोडला. तिथंच कामाला असलेली तरुण सखू दचकली आणि तिचा उजवा हात शेजारच्या यंत्रात गेला. दोघांना एकाच गाडीतून आणलं. साहेबांचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, मी दुखणं थांबवणारी मॉर्फियाची गोळी उकळलेल्या पाण्यात विरघळवून सुईत भरून दिली. सुई टोचल्यावर थोड्या वेळानं साहेब निवांत झाले. सखू बाहेर बाकावर, हाताला पदर गुंडाळून. ती कण्हली तशी मी तिला दटावलं, "ओरडू नको, आत साहेब आहेत." मग डॉक्टरांनी आतून विचारलं, "त्या बाईला सुई लागेल का? बघा जरा." मी बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून गप्प बसली होती. "नको," मी म्हणालो, "काटक आहे. तिला फारसं दुखत नाही." बाटलीत अजून गोळ्या होत्या. तिची तीन बोटं तशीच काढली. मनगट मीच धरलं होतं.

पुढे ती फैजपूरला माहेरी राहिली, डाव्या हातानं केळीच्या बागांत राबली, मुलगा वाढवला. मी त्या बाजूला गेलो की तिच्याकडे चहा ठरलेला. इतक्या वर्षांत तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मागल्या दिवाळीत मात्र धीर करून विचारलं, "अक्का, त्या दिवशी फार दुखत होतं का गं?"

"सारं बठ्ठं अंग पेटेल व्हतं, भाऊ."

"मग बोलली का नाहीस?"

ती नवलानं माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, वरडू नको."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं... माफी मागायची ती वेळ होती. मी चहा संपवून उठलो.

परवा तिच्या घरी गेलो. सून भाकरी करत होती. पिठाचा डबा, पाणी, उलथणं, सगळं चुलीच्या डाव्या अंगाला. सून मात्र उजव्या हाताची. दर वेळी वळून घेत होती. "इकडे का नाही ठेवत?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या आबा," ती म्हणाली, "सासूबाईले तठेच सापडस."