बमरोलीच्या गच्चीवरचे चार निळे ड्रम

मी नाशिकला द्राक्षाचं टॉनिक बनवतो, हे सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. टॉनिक हा एक शब्द सोडला, तर यात खोटं काहीच नाही.

तो शब्द माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा. नाना धुळ्याकडून सुरतेला आले, चाळीस वर्षं मिलमध्ये लूमवर उभे राहिले, त्या कमाईवर त्यांनी मला शिकवलं, आणि मी शिकून दिंडोरीजवळ वाइनरी काढली! आता नानांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला घरी भजन, आणि राहणं गुजरातेत, जिथे दारूचं नुसतं नाव काढायचं तरी माणूस आधी खिडकी लावून घेतो. अशा माणसाने शेजाऱ्यांना सांगायचं तरी काय? म्हणून टॉनिक. सुरुवातीला ते फक्त रक्त वाढवायचं होतं. पुढे शेजारच्या सविताबेननी गुडघ्याला चालेल का विचारलं, तर नाना "चालीन ना" म्हणून मोकळे झाले. त्यानंतर दोन वर्षं मला अख्ख्या गल्लीचे गुडघ्यांबद्दल फोन येत होते.

अकरा वर्षांत नाना वाइनरीवर एकदाही आले नाहीत. कुठून कुठून पाहुणे येतात माझ्याकडे! मी त्यांना मांडवाखाली बसवतो, खाऊ घालतो, गाणं ऐकवतो, आणि पाहुणचार म्हणजे काय यावर पाऊण तास बोलतो. (शैला, माझी बायको, म्हणते की पाहुणे त्या पाऊण तासासाठीच एवढी पितात.) माझे सिद्धान्त आहेत. खापरावरच्या पुरणाच्या मांड्याबरोबर गार, गोडसर वाइन. वांग्याच्या भरताबरोबर कोरडी पांढरी. शेवभाजीबरोबर कुठलीही वाइन द्या, शेवभाजीच जिंकते, तेव्हा पाणी द्यावं आणि गप्प बसावं. गाणं नेहमी संथ असावं, कारण गाणं धावलं की पाहुणा घाईघाईने पितो आणि त्याला चव कळत नाही.

पण खरं सांगू? पाहुणचार मी शिकलो तो नानांकडून. आमच्या एका खोलीत गावाकडून कामाच्या शोधात आलेला कोणीही माणूस महिना महिना जेवून जायचा आणि नानांनी त्याला कधी "किती दिवस?" असं विचारलं नाही. ते नाना माझ्या ताटावर एकदाही बसले नाहीत, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून नानांची पंचाहत्तरी आली तेव्हा मी ठरवलं, की नाना वाइनरीत येत नाहीत ना? मग वाइनरीचा पाहुणचार बमरोलीत जाईल. मांडे, भरत, वरण-बट्टी, गाणं, सगळं माझ्या पद्धतीने. मी एकदा ठरवलं की ठरवलं! (हे वाक्य आमच्या घरात धोक्याची सूचना म्हणून ओळखलं जातं.)

फोनवर नानांनी एकच अट घातली.

"अन्या, तू ये, पोरेसोरे लई ये. तुन्ही ती बाटली मातर तठेच ठेव. एक थेंब बी नको. मी चव्हाण जमादारले बलायेल शे."

"कोण चव्हाण?"

"आपला जमादार! रिटायर व्हयना तो."

मला आठवलं. चव्हाण जमादारांनी पोलिसातली सगळी नोकरी एकाच कामात घालवली होती. हातभट्ट्या वासावरून शोधायच्या आणि ड्रम उलटे करायचे!

"नाना, नुसता रस आणतो. ताजा. आदल्या दिवशीच्या द्राक्षांचा. देवापुढे ठेवता येईल असा."

"रसच ना?"

"तुमची शपथ."

ती शपथ मी अगदी मनापासून घेतली होती, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

मार्च महिना. हंगामातली शेवटची द्राक्षं. मी स्वतः उभा राहून ऐंशी लिटर रस काढला, चार निळ्या ड्रममध्ये भरला, झाकणं अशी आवळली की थेंब सांडू नये, आणि शुक्रवारी पिकअपमध्ये घालून सुरत गाठली. बरोबर साठ काचेचे ग्लास नेले होते. लांब दांड्याचे. नानांनी ते एकदा पाहिले आणि खोकं परत बंद केलं.

"यासना पाय काब्र इतला लांब शेत? लोक काय म्हनतीन? इस्टीलना गिलास शेत ना घरमा!"

ठीक आहे, स्टील तर स्टील. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून ड्रम गच्चीवर पत्र्याखाली ठेवले, भोवती बर्फाच्या लाद्या रचल्या, वरून गोणपाट टाकलं. मायला, म्हणजे माझ्या आईला, बजावलं की बर्फाला हात लावायचा नाही. आणि निश्चिंत झालो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी माझ्या वाइनरीत कोणाला सांगितलेली नाही. आमच्याकडे रस आंबवायचा, तर त्यात यीस्ट घालतात. दुधाला जसं विरजण, तसं. ते विरजण एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायला आमच्याकडे खास ड्रम आहेत. निळे. चार. घाईघाईत मी ते नुसत्या पाण्याने विसळले होते. अकरा वर्षं मी वाइन बनवतोय. नाशिकच्या थंडीत रस आंबायला लागावा म्हणून टाकीला गोधडी गुंडाळून मी तिच्याजवळ बसून राहिलो आहे. आणि त्याच माणसाने विरजणाच्या भांड्यात गोड रस भरून, झाकण आवळून, तो सुरतेच्या मार्चमध्ये पत्र्याखाली ठेवला!

शनिवारी दुपारी मायची हाक आली.

"अन्या! गच्चीवर साप शे! फुसफुस करी राह्यना!"

मी काठी घेऊन वर गेलो. (बूट घातले होते. मी शूर आहे, पण वेडा नाही.) खरंच फुसफुस चालली होती. मी गोणपाटाखाली, विटांमागे, टाकीमागे काठी फिरवली. साप काही दिसला नाही. ड्रम जरा गुटगुटीत दिसत होते, पण मला वाटलं उन्हामुळे तसं वाटत असेल. आणि भोवती बर्फ नव्हता.

"माय, बर्फ कुठे गेला?"

"तो मी ताकमा टाकी दिधा. इतलं मानसं शेत, गरम ताक देवू का?"

ताक उत्तम झालं होतं, तेवढं मान्य करायला हवं. मी खाली येऊन दोन ग्लास प्यायलो आणि पुन्हा निश्चिंत झालो.

रविवारी सकाळी दहा वाजता खाली अंगणात भजन सुरू झालं. उत्तमबुवा पेटीवर, नाना पखवाजावर, त्यांची नेहमीची सात-आठ मंडळी टाळांवर. अंगाला पोळणारं ऊन. मी आत मांड्यांच्या तयारीत, आणि तासाभराने वरून एकदम धाडकन आवाज! मागोमाग सविताबेनची किंकाळी.

मी गच्चीवर धावलो. एका ड्रमचं झाकण जागेवर नव्हतं. ते शेजारच्या गच्चीवर होतं, बरोबर सविताबेनच्या वाळत घातलेल्या पापडांच्या मधोमध.

"अनिलभाई! आ शुं छे? मारा पापड!"

"सॉरी, सविताबेन! गॅस होता थोडा!"

"गॅस? एमां?" असं म्हणत त्यांनी कठड्यावरून वाकून ड्रमच्या कडेने ओघळणारा फेस बोटावर घेतला आणि चाखला. त्यांचा चेहरा उजळला. "बहु सरस! सोडा नाख्यो छे?"

"हो! सोडा!" मी म्हणालो. (बुडणाऱ्याला काडी मिळाली की तो ती काडी कोणत्या झाडाची हे विचारत नाही.)

मीही बोट बुडवलं. गोडसर, जरा आंबूस, जिभेवर चुरचुरणारी, द्राक्षाचा नुसता घमघमाट. वाइन! अजून पोरवयातली, पण वाइनच. आणि रागाने सांगतो, उत्कृष्ट होती.

शैला मागून आली. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय केलंत?"

"मी काहीच केलं नाही! तेच तर!"

"आत्ताच्या आत्ता ओता सगळं."

"कुठे? गच्चीचं पाणी अंगणात पडतं. नानांच्या डोक्यावर?"

"मग खाली तरी कोणाला देऊ नका. चारही ड्रम इथेच बंद करून ठेवा."

तेव्हा माझं लक्ष गेलं. गच्चीवर ड्रम तीनच होते.

जिना मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. अंगणात पोहोचलो तर चौथा ड्रम तुळशीशेजारी. मायने सकाळीच भावकीतल्या दोघांना सांगून तो खाली आणवला होता, आणि ती तांब्याने स्टीलचे ग्लास भरभरून देत होती. भजनी मंडळ तहानलेलं. संपूर्ण मंडळाचा तिसरा ग्लास चालू होता.

"आखो एक गिलास, माय!" उत्तमबुवा ओरडले. एरवी या गृहस्थाला चहा देखील दोनदा विचारावा लागतो.

आणि गाणं! माझा संथ गाण्याचा सिद्धान्त तिथल्या तिथे निकालात निघाला. अभंग दुपटीच्या लयीत गेला, तिथून चौपटीत. नेहमी शेवटच्या रांगेत ओठ हलवणारे दोघे उठून फुगडी घालायला लागले. नानांचे हात पखवाजावर दिसेनासे झाले होते. मी त्यांना इतकं खुललेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी मायच्या हातातला तांब्या धरला.

"माय, बस कर आता."

"काब्र? तुन्हा नानाले आवडी राह्यनं! पाहुनासले नही म्हनू का मी?"

तेवढ्यात फाटकातून चव्हाण जमादार आत आले. पांढरा शर्ट, मिशा, हातात शाल आणि नारळ. मी ड्रमसमोर आडवा उभा राहिलो. माय माझ्या काखेखालून गेली आणि त्यांच्या हातात ग्लास दिला. मी "साहेब, ताक घ्या, ताक फार छान झालंय" असं काहीतरी म्हणत होतो. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला. तो तिथेच थांबला.

टाळ थांबले. पेटी थांबली. जमादारांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला (शिकवलेल्या पाहुण्यांनाही हे नीट जमत नाही!), गिळला, आणि अंगणावरून नजर फिरवली.

"आ कोणे बनाव्युं?"

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: पोलीस गाडी, वर्तमानपत्रात फोटो, आणि पंचाहत्तरीच्या दिवशी खाली मान घालून बसलेले नाना. माझ्यामुळे. पुढे व्हायचं ठरवून मी एक पाऊल टाकलं. पण माझ्या आधी पखवाज बाजूला सारून नाना उभे राहिले.

"मन्हा पोऱ्यानी," नाना म्हणाले. मोठ्याने, सविताबेनच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात. "नाशिकले त्याना कारखाना शे. टॉनिकना नही. याना! मन्हा हाऊ पोऱ्या!"

मला रडूच आलं. अकरा वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो, आणि ते यायचं ते पोलिसांसमोर आलं!

जमादारांनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासात पाहिलं.

"तीस साल मैंने ऐसे ड्रम उलटे किए," ते पोलिसी हिंदीत सावकाश म्हणाले. "एक भी ऐसा नहीं था." त्यांनी उरलेला ग्लास संपवला. "अनिलभाई, ये शाम तक रस है. शाम के बाद रहा, तो मुझे साहब को फोन करना पड़ेगा. समझे? अब वो मांडा लाओ."

संध्याकाळ होईपर्यंत काही उरलंच नाही. मांड्याबरोबर ती वाइन अशी जमली, की माझ्या पाऊण तासाच्या भाषणातलं ते एक वाक्य तेवढं खरं निघालं. शेवभाजी मी मुद्दाम केली नव्हती. सविताबेन फुटलेले पापड तळून घेऊन आल्या. गुडघे एकदम हलके वाटताहेत, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

पाहुणे पांगल्यावर मी नानांच्या पायाशी बसलो.

"नाना, तुमची शपथ मोडली. मला खरंच माहीत नव्हतं. तो रसच होता, पण ड्रम..."

"माले दुसरा गिलासलेच समजनं," नाना म्हणाले. "चाळीस वरीस मिलवाला मानसंस्मा काढात मी. माले वास समजत नही का?"

"मग तिसरा का घेतला?"

"तू देयेल व्हता ना. पाहुनचार कोनी नही म्हनस का?"

नानांनी रिकामा ड्रम बोटांनी वाजवून पाहिला. मग त्यांनी मला ड्रमचं सगळं विचारलं: यात काय घातलं, किती ढवळलं, कोणी लक्ष ठेवलं. मी खरं खरं सांगितलं की काही घातलं नाही, ढवळलं नाही, लक्ष तर मुळीच ठेवलं नाही. झाकण लावलं आणि ताक पीत बसलो.

"म्हंजे हाई आपोआप व्हयनं?"

"आपोआपच, नाना."

नानांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. म्हणाले, "मंग अकरा वरीस तू तठे दिवसभर करस काय? येस मी आते एकदाव देखाले."

शब्दाला जागून ते पुढच्याच आठवड्यात वाइनरीत आले. पहिल्यांदाच! माझ्या ताटावर बसले, दोन मांडे जेवले. मग मी पाहुण्यांपुढे उभा राहून वाइन घडवायला किती साधना लागते यावर बोलू लागलो. मला पाच मिनिटं झाली असतील, नसतील, मागून नानांचा आवाज आला, "काही करनं पडत नही. झाकन लावानं नि बठी ऱ्हावानं!"

टाळ्या थांबेचनात. आता पाहुणे बुकिंग करताना आधी विचारतात, नाना आहेत का. नाना असले की ते बोलतात आणि मी ताक वाटतो.