आईनं सांगितलेलं नाव

आधी मावशींचं सांगते. नंदुरबारच्या एका दवाखान्यात त्या आया होत्या, फुरसत मिळाली की बायबल वाचणाऱ्या. त्या नसत्या तर माझ्या लेकीच्या जन्मदाखल्यावर आज भलतंच नाव असतं.

माझं तसंच झालंय. आश्रमशाळेत गुरुजी म्हणाले, हे कसलं नाव, आणि हजेरीत दुसरंच लिहिलं. पाचवीत शाळा सुटली, ते नाव काही सुटलं नाही. म्हणून मुलगी झाली तर आजीचं नाव, हे मी बाळंतपणाला तोरणमाळहून निघतानाच ठरवलं होतं. मुलगीच झाली.

नवरा गुजरातेत ऊसतोडीला, फोन लागेना. नोंदणीच्या खिडकीतला बाबू हसला. "हाई पोरनं नाव शे का झाडनं? तिना बापले धाड. तो सांगी तेच लिखसू."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडण न काढता मागे फिरले. चिडून त्यानं काहीच लिहिलं नाही तर?

खाटेवर येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडलं. "ऐक बाई. देवदूत एकच, निरोप दोन. एक म्हाताऱ्याला, एक कुवाऱ्या पोरीला. दोघांना तेच: भिऊ नको, मुलगा होईल, नाव अमुक ठेव. दोघांनी विचारलं, कसं होईल? पोरीला समजावलं, म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली. पुढं त्याच्या म्हाताऱ्या बायकोला मुलगा झाला. तिनं नाव सांगितलं, तर लोक म्हणाले, तुमच्यात असलं नाव कुणाचं नाही. मग मुक्या नवऱ्याला खुणेनं विचारलं. त्यानं पाटीवर तेच लिहिलं, तेव्हा पटलं."

"म्हणजे बोलणारीचं नाही पटलं, मुक्याचं पटलं?"

"पाटीचं पटलं. तू पण लिही."

औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी अक्षरं काढून दिली. मी चारदा गिरवली. मग खिडकीत कागद सरकवला. शेजारी उभ्या मावशी म्हणाल्या, "बापच पाहिजे, असं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा, साहेब." बाबूनं गुमान नाव उतरवून घेतलं.

दाखला बरोबर आहे, वेलांटीसकट. तरी राग जात नाही. मी तोंडानं सांगितलं ते वाऱ्यावर गेलं, चिठोरं खरं ठरलं. पुस्तकातल्या त्या म्हातारीला नंतर तरी कुणी विचारलं का, बाई, तुला काय वाटलं? मावशी म्हणतात, तसं काही लिहिलेलं नाही.

मावशी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलतायत, घरी बघायला कुणी नाही म्हणून. करतील तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला मी जाऊन राहीन, महिनाभर लागला तरी. मावशींचं हे देणं मी फेडणार.